माणसं देणाऱ्या पारूबाई

पारूबाई शिवशरण नर्सिंग कॉलेजात मावशी होत्या. वर्ग उघडणं, टेबलं पुसणं, मॅडमलोकांना चहा देणं, होस्टेलच्या दारावर नजर ठेवणं ही त्यांची पगाराची कामं. पण कॉलेजात त्यांचं नाव झालं ते एका बिनपगारी कामामुळे. त्या माणसं द्यायच्या.

शेवटच्या वर्षाच्या पोरींना दरसाल एकेक अभ्यास करून लिहावा लागे. विषय मॅडम ठरवून देत, प्रश्न पोरी तयार करत. पण ते प्रश्न ज्यांना विचारायचे ती माणसं आणायची कुठून, तिथं सगळ्यांचं घोडं अडायचं. पोरी लातूरच्या, बीदरच्या, कुणी अकलूजच्या. सोलापुरातल्या गल्ल्या त्यांना ठाऊक नसत, आणि परक्याचं दार वाजवायचं म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळे. मग कुणीतरी जुनी पोरगी सांगे, पारूमावशीला धर.

पारूबाई फडकं खांद्यावर टाकून विचारायच्या, "कशी पायजेत?"

"साठीच्या पुढच्या बायका, मावशी. शुगर असलेल्या."

"बोलणाऱ्या का न बोलणाऱ्या?"

पोरगी हातातल्या कागदात बघायची. "तसं काही दिलेलं नाही."

"मग बोलणाऱ्याच देते."

शनिवारी दुपारी त्या पोरीला घेऊन पारूबाई आपल्या वस्तीत शिरायच्या. पहिलं घर ठरलेलं, सोनाबाईंचं. सोनाबाई कायम घरी असत, त्यांच्याकडे प्लास्टिकची चांगली खुर्ची होती, आणि त्या चहा केल्याशिवाय कुणाला सोडत नसत. तिथून पुढं ज्यांची दारं उघडी असतील ती घरं. मागच्या गल्लीत पारूबाई शक्यतो जात नसत. तिथं गटार उघडं होतं, कुत्री अंगावर येत, आणि तिथल्या बायका सकाळी कामावर गेल्या की दिवेलागणीलाच परतत. पुढच्या गल्लीत माणसांची वाण नव्हती, मग कशाला उगीच मागं जायचं.

असं वर्षानुवर्षं चाललं. रक्त कमी असण्याचा अभ्यास झाला, हात धुण्याचा झाला, बीपीचा झाला, मन उदास असण्याचाही झाला. विषय बदलले, पोरी बदलल्या, बायका त्याच राहिल्या. सोनाबाई तर इतक्या तयार झाल्या होत्या की पोरीनं वही उघडायच्या आत त्या पदराला पिठाचे हात पुसत म्हणायच्या, "जेवणाआधी, संडासानंतर आन् लेकराला घ्यायच्या आधी." एकदा एका पोरीला गरोदर बायका हव्या होत्या. सोनाबाईंची सून तेव्हा पोटुशी होती, पण कामावर गेलेली. सोनाबाईंनी त्या पोरीला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "तिला काय विचारतीस? तिच्या पोटाचं समदं मला म्हाईत हाय. लिही."

उत्तरं अडली की पारूबाई मदतीला असायच्याच. "अगं, गोळी रोज घेतीस की, सांग की तसं," असं त्या कडेला बसून सुचवायच्या. यात त्यांचं कपट काही नव्हतं. लांबून आलेल्या पोरीची फजिती होऊ नये आणि वस्तीचं नाव वाईट जाऊ नये, एवढंच. पोरी पास होत, आणि जाताना मावशीला साडी नाहीतर पेढे देऊन जात. एका वर्षी पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी या वस्तीतल्या बायका आरोग्याच्या बाबतीत फारच जागरूक दिसतात, असा शेरा मारला होता. कॉलेजात त्या शेऱ्याचं कौतुक झालं. पारूबाईंना वाटलं, हे कौतुक खरं तर आपलं आहे. आणि ते खरंही होतं.

पण या सगळ्यात पारूबाईंची एक इच्छा राहून गेली होती. कॉलेजच्या नोकरीतल्या माणसाला अभ्यासात घ्यायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे पारूबाई नेहमी उंबऱ्यावर बसलेल्या, आणि प्रश्न दुसरीला. ते प्रश्न काय साधे असायचे? झोप लागते का, कुठं दुखतं का, जेवण जातं का, मनातलं कुणाशी बोलता का. नवऱ्यानं जन्मात विचारले नव्हते असले प्रश्न. नवरा, रावसाहेब, भला माणूस होता, पण घरी आला की जेवून झोपायचा. पोरी सोनाबाईंना विचारत, आणि पारूबाई उंबऱ्यावर बसून मनातल्या मनात स्वतःची उत्तरं देत. झोप लागत नाही. पोटरीत गोळा येतो. बोलायला कुणी नाही.

रावसाहेब गेले. पुढं पारूबाई निवृत्त झाल्या. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. प्राचार्य बोलले, दोन मॅडम बोलल्या. पारूबाईंना बोला असं कुणी म्हटलं नाही. रिक्षातून घरी येताना त्या बरोबर आलेल्या सोनाबाईंना म्हणाल्या, "आता मी कॉलेजची न्हाय. आता मलाबी धरता येतंय अभ्यासात."

"धर की," सोनाबाई म्हणाल्या. "माझी खुर्ची देते बसायला."

घरी पारूबाई, मुलगा प्रदीप, सून दीक्षा आणि मायाक्का अशी चार माणसं. प्रदीप चादरीच्या दुकानात विक्रीच्या कामाला होता. दीक्षा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जायची. मायाक्का म्हणजे रावसाहेबांची थोरली बहीण, पारूबाईंची नणंद. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावात दिलेली. नवरा वारल्यावर भावाकडे आली आणि भावाच्या मागंही इथंच राहिली. तिची लेक रत्नमाला होटगीला असायची, जावई रेल्वेत. मायाक्कांचं बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि दोन्ही मिळून थोडंच. लसूण सोलावा, वाती कराव्यात, तांदूळ निवडावेत, आणि विचारलं तर व्हय किंवा न्हाय म्हणावं. पारूबाईंनी वस्तीतल्या बायका शेकडो वेळा अभ्यासाला दिल्या असतील, पण मायाक्का त्यांना कधी सुचल्या नव्हत्या. न बोलणारं माणूस देऊन काय करायचं?

निवृत्तीच्या पुढच्या वर्षी वैजयंती मॅडम घरी आल्या. त्या कॉलेजात शिकवत होत्या आणि आता स्वतःच्या डॉक्टरेटचा अभ्यास करत होत्या. मूळच्या अकलूजच्या, चालणं तुरुतुरु, बोलणं मोजकं. साठीच्या पुढच्या बायका घरात पडतात का, कुठं पडतात, कशानं पडतात, हा त्यांचा विषय होता.

"देते की," पारूबाई म्हणाल्या. "कवा येताय?"

"मावशी, या वेळी तुम्ही निवडायचं नाही."

"मग तुमी निवडणार?"

"मीही नाही."

"मग कोण?"

"कोणीच नाही. चिठ्ठ्या टाकायच्या."

पारूबाईंना हे चमत्कारिक वाटलं. माणसं ओळखून, पारखून द्यायची सोडून चिठ्ठ्या? चिठ्ठ्या भिशीत टाकतात. मॅडम म्हणाल्या, "तुमचं माहेर मंद्रूप ना? तिथल्या बाजारात ज्वारीचं पोतं घेताना तुम्ही नुसतं तोंडावरचं धान्य बघता का?"

"न्हाय. आत हात घालून बघतात की."

"मग तसंच हे."

"म्हंजे माझ्या बायका पोत्याच्या तोंडावरच्या, असं म्हणा की."

"चांगल्याच आहेत त्या," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर."

पारूबाईंना राग आला, पण राग धरून घरी बसण्याइतका आला नाही. कारण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. चिठ्ठ्या टाकायच्या तर वस्तीतली सगळी घरं त्यात येणार, आणि सगळ्या घरांत त्यांचंही घर होतं. त्या मॅडमबरोबर खडू घेऊन हिंडल्या. ज्या घरात साठीच्या पुढची बाई आहे त्या प्रत्येक घराच्या चौकटीवर आकडा घातला. मागच्या गल्लीतही घातला. गटार ओलांडताना मॅडमची चप्पल अडकली, ती पारूबाईंनी काढून दिली.

आकडे काढायचा कार्यक्रम विहारात झाला. मॅडमच्या फोनमध्ये आकडे निघत होते, पण बायका ऐकेनात. फोन कुणाच्या ओळखीचा आहे ते काय सांगावं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी महिला मंडळाच्या हौजीच्या सोंगट्या आणल्या. डबा हलवून मॅडम एकेक सोंगटी काढू लागल्या आणि बायका चौकटीवरचे आपापले आकडे आठवू लागल्या.

"लागला तर काय मिळणार?" एकीनं विचारलं.

"प्रश्न मिळणार," मॅडम म्हणाल्या.

"आन् न्हाय लागला तर?"

"काही नाही."

"मग सारखंच की," ती म्हणाली, तरी जागची उठली नाही.

सोनाबाईंचा आकडा निघाला नाही. त्या पारूबाईंच्या कानाशी लागून म्हणाल्या, "इतकी वर्सं उत्तरं दिली, आन् शाल-नारळाबिगरच रिटायर केलं बघ मला." तेवढ्यात मॅडमनी पुढची सोंगटी काढली. तो पारूबाईंच्या चौकटीवरचा आकडा होता. पारूबाईंनी पदर सारखा केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. आनंद झालेला दिसू नये म्हणून त्यांना तसं करावं लागलं.

विहारातून मॅडम आकडा निघालेल्या घरोघरी गेल्या. पारूबाईंच्या दारात त्यांनी विचारलं, "साठीच्या पुढच्या बायका किती या घरात?"

"मी हाय," पारूबाई म्हणाल्या. मग त्यांना म्हणावंच लागलं, "आन् आमच्या आक्का."

"मग दोन चिठ्ठ्या. एका घरातून एकच बाई घ्यायची."

मॅडमनी दोन चिठोऱ्यांवर दोन नावं घातली, घड्या केल्या आणि ओंजळीत हलवून दीक्षापुढं धरल्या. दीक्षा नुकतीच कारखान्यातून आली होती, तिच्या केसांत अजून खाकी दोरे होते. तिनं एक उचलली, उलगडली आणि वाचली. "मायाक्का."

पारूबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "परत काढा," त्या म्हणाल्या.

"परत काढत नसतात, मावशी."

"अवो, त्या बोलत न्हाईत. अर्धं कानडी बोलतात. तुमचा येळ जाईल."

"मला येतं थोडं कानडी. शुक्रवारी येते. त्यांना सांगून ठेवा."

मायाक्का आतल्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. आपलं नाव ऐकून त्यांनी मान वर केली. "काय निघालं?"

"काय न्हाय. कॉलेजचं हाय," पारूबाई म्हणाल्या.

तो आठवडा पारूबाईंना गोड लागला नाही. सगळा जन्म दुसऱ्यांना पुढं बसवलं, आता स्वतःच्या घराचा आकडा निघाला, तर तिथंही दुसरीच. विचार करता करता त्यांना आपल्या जुन्या कामातली एक वाट आठवली. पोरी यायच्या, एखादी बाई घरी नसायची, तेव्हा काय व्हायचं? ती न्हाय, हिला घे, असं पारूबाई म्हणायच्या आणि पोरगी शेजारणीचं नाव लिहायची. कधी कुणी हरकत घेतली नव्हती. माणूस नसलं की दुसरं माणूस. अभ्यास तसाच चालतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

गुरुवारी त्या मायाक्कांना म्हणाल्या, "आक्का, रत्नमालाकडं जाऊन या की जरा. लई दिवस गेला न्हाईत."

मायाक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "किती दिवस?"

"जावा तर. मग बघू."

मायाक्कांनी दोन लुगडी, औषधाची डबी आणि चष्मा एका पिशवीत भरला. प्रदीपनं त्यांना होटगीच्या बसमध्ये बसवून दिलं. परत आल्यावर तो म्हणाला, "आत्या एकदम कशी काय निघाली?"

"लेकीला भेटू नये का माणसानं?" पारूबाई म्हणाल्या.

शुक्रवारी त्यांनी सोनाबाईंची खुर्ची मागून आणली. निवृत्तीच्या दिवशीची साडी नेसल्या. मॅडम आल्या, खुर्चीत बसल्या, पाणी प्याल्या. "आक्का कुठं आहेत?"

"गावाला गेल्यात. मी हाय की."

"मग मंगळवारी येते."

"अवो, मी हाय की. बाई हाय, साठीची हाय, ह्याच घरातली हाय."

"चिठ्ठी आक्कांची निघालीय, मावशी," असं म्हणून मॅडम उठल्या. चपला घालून पुढच्या घराकडे गेल्याही.

पारूबाईंनी मनाशी धरलं, नवीन आहे, जरा नियमाची आहे, एकदा हेलपाटा पडला की सरळ येईल. मंगळवारी त्यांनी खुर्ची मागितली नाही, पण साडी तीच नेसल्या. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "आल्या का?"

"न्हाय अजून."

"बरं. मी आणखी एकदाच येईन. रविवारी. त्या दिवशीही नसल्या तर हे घर रिकामं दाखवायचं."

"रिकामं म्हंजे?"

"म्हणजे या घराचं उत्तर मिळालं नाही, असं."

"घरात मी जिती बसलीय की."

"हो. पण या घराचं उत्तर आता आक्कांजवळ आहे." मॅडम दाराला टेकल्या. ऊन फार होतं आणि त्या दमलेल्या दिसत होत्या. "मावशी, जी माणसं भेटत नाहीत ना, त्यांचंच बहुतेक काहीतरी वेगळं असतं. त्यांच्या जागी भेटणारी बसवली, की पुन्हा सगळं छान छान निघतं. मग मी कशाला हिंडू?"

मॅडम गेल्यावर पारूबाई चौकटीवरच्या खडूच्या आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. इतक्या पोरींना माणसं दिली, आणि त्यांचंच घर रिकामं निघणार. सोनाबाई हे वस्तीभर करणार, त्यात शंका नव्हती.

रात्रीच्या भाकरी करताना दीक्षा म्हणाली, "आई, आत्यांना आणा आता."

"येईल की सावकाश."

"तुमचं नाव यावं म्हणून तुम्ही त्यांना धाडलंय."

पारूबाईंचा हात परातीत थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? चिठ्ठी मीच काढली होती की."

शनिवारी सकाळी पारूबाई होटगीला गेल्या.

रत्नमालाचं घर रेल्वेच्या चाळीत. मायाक्का बाहेर कट्ट्यावर बसल्या होत्या. पारूबाईंना बघून त्यांनी पाय जवळ ओढून घेतले, पण उठल्या नाहीत. रत्नमालानं पारूबाईंना आत नेलं आणि हळूच विचारलं, "मामी, आईला हितंच ठेवायचं ठरवलंय का तुमी? सासूबाई हायत, पोरं हायत, जागेची अडचण हाय. तरी ठेवायचं म्हटलं तर ठेवू. पर आधी सांगायचं तरी."

"तसं काय न्हाय गं. न्यायलाच आलेय. कॉलेजच्या बाईंना आक्काला कायतरी विचारायचंय."

"काय विचारायचंय?" मायाक्का दारात येऊन उभ्या होत्या.

"तुमी घरात पडता का, ते."

मायाक्कांनी दाराची चौकट धरली. "बेडा," त्या म्हणाल्या. नको असलं की त्या कानडीत बोलत. "मला न्हाय सांगायचं काय."

"अवो, सोपं असतंय," पारूबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी मायाक्का आणि अलीकडे पारूबाई. मायाक्का पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसल्या होत्या. पारूबाईंनी सवयीप्रमाणे त्यांची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. "हे बघा आक्का. त्या विचारतील, पडता का? न्हाय म्हणायचं. चक्कर येते का? न्हाय म्हणायचं. आपल्या घरात कोण पडत न्हाय."

"न्हाय म्हणू?"

"न्हाय म्हणा की. खरंच न्हाय तर."

मायाक्कांनी दांड्यावरची पकड जरा सैल केली. "मग म्हणते," त्या म्हणाल्या.

रविवारी मॅडम आल्या तेव्हा दीक्षा आणि प्रदीप बाजाराला गेले होते. मॅडमनी मायाक्कांना समोर बसवलं, चार शब्द कानडीत बोलल्या, आणि मग पारूबाईंकडे बघून म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

"मी कायपण बोलणार न्हाय."

"तरी बसावं लागेल."

पारूबाई पायरीवर जाऊन बसल्या. इतकी वर्षं निदान उंबरा तरी मिळत होता. पायरी खिडकीच्या खालीच होती, आणि खिडकीला काच नव्हती. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं असतं तरी ऐकू आलंच असतं. त्यांनी तसं ठरवलंही नव्हतं.

आत प्रश्न सुरू झाले. वय काय, किती वर्षं इथं राहता. मग पडण्याचे. गेल्या वर्षात पडलात का? न्हाय. मोरीत पाय घसरला का? न्हाय. पायरीवर? न्हाय. पारूबाईंनी मान हलवली. तयारी चांगली झाली होती.

मग मॅडम म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर तुम्ही कुठून कुठं जाता, ते मला चालून दाखवता का?"

आत पावलांचा आवाज झाला. अंथरुणाच्या जागेपासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत, तिथून मोरीकडे. भिंतीवरून हात घासत गेल्याचा आवाज आला. मोरीशी तो थांबला.

"इथं काय धरता?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय. हितं धरायला काय न्हाय." मग मायाक्कांनीच विचारलं, "हे तुमी कुणाला सांगणार?"

"कुणाला नाही. तुमचं नावसुद्धा लिहीत नाही मी."

"रत्नमालाला?"

"नाही."

"प्रदीपला?"

"नाही."

"पारूला?"

"पारूमावशींनाही नाही."

"मग पडते," मायाक्का म्हणाल्या.

पारूबाई पायरीवर होत्या तशाच राहिल्या. आतून मायाक्कांचं बोलणं येत होतं, कानडी आणि मराठी मिसळून, इतकं सलग की पारूबाईंनी ते कधी ऐकलं नव्हतं. पहाटे पडते. सगळी निजलेली असतात तेव्हा. मोरीच्या कडेला पाणी असतं, पाय सरकतो. एकदा गुडघ्यावर, एकदा खांद्यावर. खांदा अजून वर जात नाही, म्हणून लुगडं नेसायला वेळ लागतो. आवाज होऊ नये म्हणून हंड्याला धरत नाही. पडलं की थोडी बसते आणि मग उठते.

"घरात सांगितलं नाही?"

"सांगितलं तर होटगीला टाकतील. लेकीकडं जागा न्हाय. आन् परवा टाकलंच की. मला वाटलं, ह्यास्नी कळलं. मग पारू न्यायला आली. बसमदी म्हटली, न्हाय म्हणा. तवा समजलं की कळलं न्हाय."

मॅडमनी विचारलेले पुढचे प्रश्न पारूबाईंना ऐकू आले नाहीत. आले असतील तर त्यांच्या ध्यानात राहिले नाहीत. त्या समोरच्या घराच्या चौकटीकडे बघत होत्या. तिथं आकडा नव्हता, त्या घरात म्हातारी बाई नव्हती. मॅडम बाहेर आल्या तेव्हा पारूबाईंना उठून वाट द्यायला जरा उशीर झाला.

"चहा करते," पारूबाई म्हणाल्या.

"नको मावशी. मागच्या गल्लीत दोन घरं राहिलीत." मॅडमनी खिडकीकडे बघितलं, मग पायरीकडे बघितलं. मग त्या गल्लीकडे वळल्या.

पारूबाई आत गेल्या. मायाक्का आपल्या जागेवर येऊन बसल्या होत्या आणि लसणाचा गड्डा फोडत होत्या. त्यांची होटगीची पिशवी अजून भिंतीशी तशीच उभी होती, नाडी बांधलेली. पारूबाईंनी ती सोडली, आतली लुगडी काढून दोरीवर टाकली आणि औषधाची डबी फळीवर ठेवली. मायाक्का बघत होत्या.

"काय विचारलं?" पारूबाई म्हणाल्या.

"पडते का म्हणून."

"मग?"

"न्हाय म्हटलं," मायाक्का म्हणाल्या.

"बरं केलं."

प्रदीप आणि दीक्षा बाजाराच्या पिशव्या घेऊन आले. दीक्षानं भाजी ओट्यावर ओतली आणि निवडायला बसली. पारूबाईंनी पीठ मळायला घेतलं. जरा वेळानं, परातीतून मान वर न करता, त्या म्हणाल्या, "प्रदीप, मोरीत धरायला एक लोखंडी नळी बसवून घे भिंतीला. आन् कडेला ते खरबरीत काय मिळतंय ते टाक."

"कशाला?"

"मी पडले."

प्रदीपनं फोन खाली ठेवला. "कधी?"

"मागं. पहाटे."

"आणि सांगितलं नाहीस? कुठं लागलं?"

"खांद्याला. एकदा गुडघ्याला."

"म्हणजे दोनदा पडलीस?" प्रदीप उठून जवळ आला. "चक्कर आली होती का? डोकं आपटलं का? आता दुखतं का? हात वर कर बघू."

पारूबाईंना पिठाचा हात वर करावा लागला. तो वर गेला, पण पुरता जाण्याच्या आत त्यांनी थांबवला आणि तोंड जरा वाकडं केलं. प्रदीप एकामागून एक विचारत होता. पाय कशानं सरकला, पाणी कुठं साचतं, हंडा आड येतो का. पारूबाई एकेक उत्तर देत होत्या आणि एकही चुकत नव्हत्या. दीक्षा भाजी निवडायची थांबून सासूच्या खांद्याकडे बघत होती. मग तिनं कोपऱ्यातल्या मायाक्कांकडे बघितलं, आणि पुन्हा भाजीकडे वळली.

मायाक्कांच्या हातातली लसणाची पाकळी सोलायची राहिली होती.

"उद्याच गवंड्याला बोलावतो," प्रदीप म्हणाला. "नळी उजवीकडच्या भिंतीला बसवू ना?"

पारूबाईंना हे ठाऊक नव्हतं. खिडकीतून तेवढं ऐकू आलं नव्हतं. त्या पीठ मळत राहिल्या.

"डावीकडं," मायाक्का म्हणाल्या. "पारूला डावीकडं धरायला बरं पडतं."